पुरातत्त्वीय उत्खननात प्रकल्प व्यवस्थापनाची तत्त्वं खरंच चालतात का?

चालतात, पण बांधकामाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर फसतात. इमारत शेवटी कशी दिसणार हे आधीच ठाऊक असतं. जमिनीखाली काय आहे ते खोदल्यावरच कळतं. म्हणून काम टप्प्यांत बांधायचं आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबून पुढचं ठरवायचं. इंग्लंडमधला ऐतिहासिक वारसा तेव्हा सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने १९९१ मध्ये असे पाच टप्पे मांडले: नियोजन, क्षेत्रकार्य, मूल्यमापन, विश्लेषण व अहवाललेखन, प्रसार. माझ्या मते यातलं मूल्यमापन सगळ्यात मोलाचं. सापडलेल्यातलं काय सखोल अभ्यासायचं आणि कशाची नुसती नोंद पुरे, हे तिथे ठरतं. उरलेल्या कामाचं बजेटही नव्याने बांधता येतं.

गाडी अडते ती पैशापाशी. सगळा निधी खोदण्यातच संपतो आणि खापरं धुणं, नमुने तपासणं, अहवाल लिहिणं वर्षानुवर्षं लटकतं. पाणथळ थरातलं लाकूड बाहेर काढलं की वाळून आकसतं, तडकतं. ते काही पुढच्या अनुदानाची वाट बघत नाही! त्यामुळे संवर्धक, म्हणजे सापडलेल्या वस्तू टिकवणारा तज्ज्ञ, पहिल्या दिवसापासून टीममध्ये हवा.

आणि थरांचा क्रम दाखवणारा तक्ता, म्हणजे हॅरिस मॅट्रिक्स, रोजच्या रोज भरा. एकदा खोदलेला थर परत खोदता येत नाही.