वह्या कपाटातून बाहेर काढताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बडोद्यातील एका शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. दांडिया बाजारातील ज्या वाड्यात माझे बालपण गेले, तेथील चार बिऱ्हाडांच्या आठवणी, सणवार आणि बोलणेचालणे मी गेल्या तीन वर्षांत लिहून काढले आहे. सात वह्या भरल्या, पण आजवर कोणालाही दाखवलेल्या नाहीत. एका प्रकाशकाने खर्च मीच उचलावा असे सुचवले आहे. भाचा म्हणतो, ‘मावशी, आधी छापून टाक, मग लोकांना बोलावू.’ मला मात्र कोणाकडे साहाय्य मागण्याचा फार संकोच वाटतो. एका पुस्तकाला खरोखर इतक्या माणसांची गरज असते का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : सप्रेम नमस्कार. गरज असते. आपल्या भाच्याशी माझा मतभेद इतकाच आहे की, माणसे पुस्तक छापून झाल्यावर बोलवायची नसतात, वह्या अजून वह्या असतानाच बोलवायची असतात.

माझा एक अनुभव सांगते. माझ्या पहिल्या पुस्तकाची मुद्रिते, म्हणजे छपाईआधीची तपासणीची पाने, बडोद्याबाहेर तपासली गेली. तपासणाऱ्यांनी मन लावून काम केले आणि माझ्या मजकुरातील प्रत्येक ‘ओटला’ बदलून ‘ओटा’ केला, ‘हिंचका’ खोडून ‘झोपाळा’ लिहिले. प्रमाण मराठीच्या दृष्टीने त्यांचे काहीच चुकले नव्हते, आणि मलाही ते खटकले नाही. एका संध्याकाळी शेजारच्या आजींना त्यातले एक प्रकरण वाचून दाखवत होते, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून विचारले, “हे कोणाच्या घरचं लिहिलं आहेस गं? आपल्याकडे झोपाळा कोण म्हणतं?” त्या रात्री मी सगळी पाने पुन्हा काढली आणि एकोणीस ठिकाणी आमचा हिंचका परत टांगला. गुजरातीच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहून घडलेली आपली मराठी टिकवायची असेल, तर ती घरात बोलणाऱ्या माणसांच्या कानांवरून मजकूर जायलाच हवा. हे काम पुण्या-मुंबईचा उत्तम मुद्रितशोधकही आपल्यासाठी करू शकत नाही.

संकोचाविषयी मला असे वाटते की, आपण साहाय्य फार मोठे आणि मोघम मानत आहात. सातही वह्या एखाद्याच्या हाती देऊन ‘कसे वाटले ते सांगा’ म्हटले, तर तो महिनाभर त्या उशाशी ठेवील आणि शेवटी ‘छान आहे’ एवढेच म्हणेल. त्याऐवजी प्रत्येकाला एक लहान, स्पष्ट काम द्यावे. त्या चार बिऱ्हाडांपैकी जे कोणी आज हयात आहेत, त्यांच्यापैकी एकाला फक्त घटनांचा क्रम आणि नातीगोती तपासायला सांगावीत. दुसरी व्यक्ती अशी असावी की जिने तो वाडा कधी पाहिलेला नाही; शक्य तर गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली, मराठी सावकाश वाचणारी एखादी तरुण मुलगी. तिला एकच वही द्यावी, पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि जिथे कंटाळा आला किंवा काही कळले नाही, तिथे समासात पेन्सिलीने रेघ ओढायला सांगावे. त्या रेघा पाहून आपल्याला वाईट वाटेल. तरीही त्या जपून ठेवाव्यात, कारण आपला पुढचा वाचक तिच्याच वयाचा असणार आहे.

आपल्या लेखनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण इतरांच्या घरांविषयी लिहिले आहे. एखाद्याचे आजारपण, एखाद्या सुनेची माहेरी परत पाठवणी किंवा भाऊबंदकी यांतले काही वह्यांत आले असेल, तर तो भाग त्या घरच्या माणसांना छपाईआधी वाचून दाखवावा. वापरायच्या छायाचित्रांचीही परवानगी घ्यावी. कोणी ‘हे नको’ म्हणाले, तर मी ते पान काढते. आजवर तीन वेळा काढले आहे, आणि तिन्ही वेळा त्याच माणसांनी पुढे पुस्तकासाठी जुनी पत्रे आणि फोटो स्वतः आणून दिले.

आपल्या गावात हे काम अगदी पोरके नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा भरले. मराठी वाङ्मय परिषद येथे आहे, महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे. तेथील एखाद्या जाणकाराला एक प्रकरण वाचण्याची विनंती करणे यात कमीपणा काहीच नाही.

प्रकाशकाने खर्च मागितला, एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. मात्र किती प्रती छापणार, त्या कोणाच्या ताब्यात राहणार, किती दिवसांत मिळणार आणि लेखनाचे हक्क आपल्याकडेच राहणार, हे कागदावर लिहून घ्यावे व सही करण्यापूर्वी तो कागद व्यवहार कळणाऱ्या नातलगाला दाखवावा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, दिल्लीतील राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत.

प्रश्न : माझ्या कवितासंग्रहासाठी ओळखीच्या लोकांकडून प्रतीचे पैसे आधीच घ्यावेत, असे मित्र सुचवतात. हे भीक मागण्यासारखे नाही का?
– एक कवी, प्रतापनगर

उत्तर : मुळीच नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते भागधारकांची मर्यादित कंपनी उभारून आणि ग्राहक जमवून. आपल्या बडोदे संस्थानाचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले, तेव्हा गावातील ग्रंथालयासाठी गावकऱ्यांनी शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम जमवावी, तितकीच प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, अशी रीत होती. राजाच्या तिजोरीत पैसा असतानाही लोकांचा हिस्सा आधी मागितला जात होता, कारण ज्याने स्वतःचा रुपया घातला तो त्या ग्रंथालयात पुन्हा येई.

पैसे घ्यावेत, पण एका साध्या वहीत हिशेब ठेवावा : नाव, पत्ता, रक्कम आणि शेवटचा रकाना ‘प्रत पोहोचली’. छपाईला उशीर झाला तर प्रत्येकाला स्वतः फोन करून नवी तारीख सांगावी. मराठी पुस्तकांची दुकाने पुण्यात जशी पावलोपावली आहेत तशी येथे नाहीत. म्हणून या वहीतली नावे हेच आपले दुकान आहे. प्रती शक्यतो आपल्या हातांनी घरोघरी नेऊन द्याव्यात आणि शेवटच्या रकान्यातील खूण त्या दारातच करावी.