पाच वर्षांनी लागणारे 12,000 युरो बिल्ल्यांत घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही श्टुटगार्टला नोकरी करता, 12,000 युरो शिल्लक आहेत आणि मुलीच्या शिक्षणासाठी ते पाच वर्षांनी लागणार आहेत. एक विक्रेता दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ बिल्ल्यांचा 14 नगांचा संच याच रकमेत देतोय आणि ‘भाव चढतच जाणार’ म्हणतोय.

संच घेऊ नका. आवड असेल तर 1,500 युरोपर्यंत एक-दोन नग घ्या आणि ते पैसे खर्ची पडले असं धरून चाला. उरलेले 10,500 मुदत ठेवीत किंवा टागेसगेल्ड खात्यात (कधीही पैसे काढता येणारं व्याजाचं खातं) राहू द्यात.

भाव चढतातही, पण घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात जी दरी असते ती फार मोठी आहे. समजा लिलावात 1,000 युरोवर हातोडा पडला. लिलावगृहाचा अधिभार 25 टक्के धरला तर तुमचे 1,250 जातात. पुढे विकताना त्यांनी 15 टक्के कापले, तर तुमचे 1,250 परत यायला हातोडा 1,470 वर पडायला हवा. दरवर्षी 4 टक्के वाढ धरली तरी नुसती मुद्दल सुटायला जवळजवळ दहा वर्षं लागतात. टक्के लिलावगृहागणिक वेगळे असतील, पण हिशोब याच वळणाचा. विक्रेत्याला एकच विचारा: ‘हाच संच आज मी तुम्हाला परत विकला तर किती द्याल? लेखी द्या.’ तो आकडा पाहिलात की मला वेगळं सांगावं लागणार नाही.

गिऱ्हाईकही मोजकंच. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ नुसार नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं, पसरवणं गुन्हा आहे. इतिहास-संशोधनासारखे अपवाद आहेत. घरात बाळगायला बंदी नाही, पण जाहीर दाखवण्यावरच्या बंदीमुळे लिलावांच्या यादीत बिल्ल्यावरचं स्वस्तिक झाकून छापतात आणि मोठ्या ऑनलाइन बाजारांत असा माल सहसा घेतच नाहीत. (व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला फोटो टाकण्याचा मोह आवरा. आपल्या दारावरच्या स्वस्तिकाची सबब तिथे चालणार नाही.) घाईने पैसे हवे असतील तेव्हा हाच अडसर भाव पाडतो.

आता तुम्ही पाठवलेली यादी. तिच्यात सोनेरी नाहकाम्फश्पांगे, म्हणजे हातघाईच्या लढाईचा बिल्ला आहे, आणि माझी शंका तिथूनच सुरू झाली. हातघाईच्या लढाईचे 15 दिवस भरले की ब्राँझ, 30 ला रुपेरी, 50 ला सोनेरी. सोनेरी मिळालेले सैनिक सहाशेच्या आसपास, आणि नकला मात्र बाजारात मुबलक. इतकी दुर्मीळ वस्तू तेरा साध्या नगांबरोबर घाऊक भावात कोण देईल?

1957 च्या पश्चिम जर्मन कायद्याने माजी सैनिकांना आपल्या पदकांची स्वस्तिक वगळलेली नवी आवृत्ती वापरायची मुभा दिली. ते नग बेकायदा किंवा बनावट नव्हेत, पण युद्धकाळातले म्हणून कोणी गळ्यात मारले तर मोठा फटका बसतो. काही जुने साचे युद्धानंतरही वापरात राहिले, त्यामुळे नुसत्या नक्षीवरून निवाडा करू नका.

पायदळाचा इन्फान्टरी-श्टुर्मआबत्साइशेन, म्हणजे चढाईत लढल्याचा बिल्ला, 20 डिसेंबर 1939 चा. सुरुवातीचे नग तांबे-जस्ताच्या मिश्रधातूचे, पुढचे बरेचसे जस्ताचे. जस्तावरचा रुपेरी मुलामा कालांतराने धातूतच मुरतो आणि नग करडा दिसू लागतो. म्हणून जस्ताचा नग आजही लखलखत असेल तर का, ते विचारा. दहापट भिंगाखाली पाहा: ओतीव नकलेत बारीक बुडबुडे, बोथट कडा, कानशीचे ओरखडे दिसतात. आयर्न क्रॉस हे जर्मन लष्करी पदक बहुधा तीन भागांचं असतं, मधे काळा रंगवलेला लोखंडी गाभा आणि भोवती दोन अर्ध्या चौकटी. गाभ्याला सहसा लोहचुंबक चिकटतो आणि कडेला जोड दिसतो. फीत आणि प्रमाणपत्र अतिनील दिव्याखाली धरा. निळसर पांढरं चमकलं तर धागा किंवा कागद युद्धानंतरचा असण्याची दाट शक्यता.

प्रमाणपत्राला भुलू नका. या बिल्ल्यांवर सहसा सैनिकाचं नाव नसतं, त्यामुळे कागद आणि नग एकाच माणसाचे हे फक्त विक्रेत्याच्या शब्दावर. कागदाचा भाव वेगळा विचारा.

कराची बाजू त्यातल्या त्यात बरी. जर्मनीत अशी खासगी वस्तू एक वर्षाहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर कर नाही. वर्षाच्या आत विकलीत आणि अशा विक्रीतला वर्षभराचा एकूण नफा 1,000 युरो किंवा त्याहून जास्त झाला, तर सगळ्या नफ्यावर कर. सतत घेऊन विकत राहिलात तर कर कार्यालय त्याला धंदा समजतं.

1,500 युरो वापरायचेच तर ऑनलाइन व्यापाऱ्याकडून घ्या. दूरविक्रीत 14 दिवसांत परत करायचा हक्क असतो. संग्राहकांच्या मेळ्यात रोखीने घेतलेल्या नगाला तो नाही. खरेपणाची हमी बिलावरच लिहून घ्या: नगाचं नाव, धातू, काळ, शिक्का. मग त्या 14 दिवसांतच स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवा. घरी आणल्यावर पॉलिश लावू नका, मूळ मुलामा उतरला की भावही उतरतो. पीव्हीसीच्या पिशवीत ठेवलात तर तांब्या-पितळेवर हिरवा चिकट थर येतो. आणि घरविमा कंपनीला लेखी विचारा की पदकांसाठी वेगळी मर्यादा आहे का, तिजोरीची अट आहे का.