१२ इंची सबवूफरच्या पेटीतून आवाज वाढवला की फसफस येते, पोर्टचा (पेटीतली हवा आत-बाहेर जायच्या भोकाचा) पाइप किती घ्यावा?

तुम्ही दिलेली मापं अशी: पेटी आतून ५० लिटर, तीन इंची पीव्हीसी पाइप, लांबी १५ सेंटिमीटर, आणि ही लांबी मित्राच्या पेटीवरून उचललेली. मी सोलापुरातच हौसेने पेट्या बनवतो. असली उसनी मापं इथे नेहमी बघायला मिळतात. तोच पाइप ३० लिटरच्या पेटीत ४४ हर्ट्झच्या आसपास बोलेल, तुमच्या पेटीत ३४ला.

म्हणजे नशिबाने तुमचं ट्यूनिंग (पेटी आणि पाइप मिळून ज्या हर्ट्झला घुमतात तो आकडा) ठीकच आहे. घरी ऐकायला ३४-३५ हर्ट्झ उत्तम. (मिरवणुकीतल्या पेट्या बहुतेक ४०च्या वर ट्यून केलेल्या असतात, त्यांना लांबवर धडधडायचं असतं. तो नाद घरात नको.) दुखणं पाइपच्या रुंदीत आहे. भोक अरुंद, त्यातून हवा जोरात आत-बाहेर पळते आणि फसफसते. हवेचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटरच्या आत राहिला तर त्रास होत नाही.

उपाय म्हणजे ११० मिलिमीटरचा, आपला ड्रेनेजचा चार इंची पाइप. पण पाइप रुंद केला की ट्यूनिंग वर सरकतं, ते खाली आणायला लांबी वाढवावी लागते. हिशोब असा:

लांबी = २३५६२.५ × व्यास² ÷ (हर्ट्झ² × लिटर) − ०.७३२ × व्यास

व्यास आतला, मापं सेंटिमीटरमध्ये. शेवटची वजाबाकी का, तर पाइपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही पाइपातल्या हवेबरोबर हलते. आतला व्यास १०.४ धरला तर ३४ हर्ट्झला ३६.५ सेंटिमीटर येतात. भोकाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, हवेचा वेग निम्म्याहून कमी. हा पाइप स्वतः साडेतीन लिटर जागा खातो, त्यामुळे ट्यूनिंग ३५च्या जवळ जाईल. चालतं. दुकानात मात्र आतला व्यास स्वतः मोजा, जाडीप्रमाणे तो बदलतो.

पाइपच्या आतल्या तोंडापासून मागची फळी किमान दहा सेंटिमीटर लांब हवी. पेटी तेवढी खोल नसेल तर एल्बो लावा आणि लांबी वळणाच्या मधल्या रेषेवरून धरा.

पाइप दोन-तीन सेंटिमीटर जास्तच कापा आणि आधी न चिकटवता बसवा, फट मात्र टेपने बंद करा. मोबाइलवर टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं अ‍ॅप) लावून ५० हर्ट्झवरून हळूहळू खाली या, आवाज बेताचा. वूफरच्या कोनवर (पुढच्या हलणाऱ्या पडद्यावर) बोट अलगद टेकवा. एका ठिकाणी कोन जवळजवळ थांबतो आणि पोर्टसमोर धरलेल्या हाताला वारा लागतो. तेच तुमचं ट्यूनिंग. ते ३५च्या खाली असेल तर थोडं थोडं कापत वर आणा, मगच सिलिकॉन भरा. मे महिन्यात ४२ अंशांत हेच करत बसलात तर २० अंशांच्या मानाने आकडा सव्वा हर्ट्झ जास्त दिसेल, कारण गरम हवेत ध्वनी वेगाने जातो. त्यासाठी पाइप बदलू नका.

पोर्ट नसता तर बास कसा वाटला असता हे ऐकायचं असेल तर पाइपात टॉवेलची गुंडाळी घट्ट कोंबा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा! बास आटोपशीर होईल, पण अगदी खालचा सूर कमी होईल. काहींना तोच आवडतो.

आणि अँपला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) असेल तर ३० हर्ट्झला लावा. ट्यूनिंगच्या खाली पेटीतल्या हवेचा कोनवर धाक उरत नाही. कोन सैरभैर हलतो आणि कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जाते.