आतड्यातला जिवाणू : रोगाचं कारण की रोगाची खूण?

प्रश्न : मी सोलापुरात एम.एस्सी. करतो. प्रकल्पासाठी मायबायोजेन या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाची आतड्यातल्या जिवाणूंवरची खुली जनुकीय माहिती घेतली, टाइप २ मधुमेहाची माहिती दुसरीकडून घेतली आणि मेंडेलियन रॅन्डमायझेशन (जनुकीय बदलांच्या आधारे रोगाचं कारण शोधायची पद्धत) केलं. २११ जिवाणूगटांपैकी ९ मधुमेहाला कारणीभूत निघाले. सगळ्यांचा एफ (जनुकीय बदलाचा जिवाणूशी संबंध किती पक्का, याचा आकडा) १०च्या वर आहे. सर म्हणतात, पेपर पाठवून दे. पाठवू का? – एक विद्यार्थी

उत्तर : इतक्यात नको. आधी तोंडी हिशेब करून बघा. पी (संबंध नसतानाही असा निकाल निव्वळ योगायोगाने लागण्याची शक्यता) ०.०५च्या आत एवढीच अट ठेवली, तर २११ चाचण्यांत १०-११ निकाल कसलाही संबंध नसताना लागतात. तुमचे ९ लागलेत. ०.०५ भागिले २११, म्हणजे साधारण ०.०००२४ ही अट लावा आणि काय उरतं ते पाहा. कुळ आणि त्याच कुळातली प्रजाती असे गट एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे ही अट थोडी कडकच आहे. पण तिच्याजवळही न फिरकणाऱ्या निकालाला 'कारण' म्हणू नये.

पद्धत मुळात फार उपयोगाची आहे. मधुमेही रुग्णांच्या आतड्यात एशेरिकिया हा जिवाणू वाढलेला दिसायचा. २०१५ साली मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे आणि न घेणारे वेगळे करून पाहिलं, तेव्हा त्यातला मोठा वाटा गोळीचा निघाला. गोळी आज सुरू होते, उद्या बदलते. जनुकं मात्र गर्भधारणेच्या वेळीच ठरतात आणि रोगामुळे बदलत नाहीत. म्हणून जिवाणूचं प्रमाण कमीजास्त करणारा जनुकीय बदल हाताशी असेल, तर कारण आणि परिणाम वेगळे करता येतात.

अडचण 'हाताशी असेल तर' इथेच आहे. मायबायोजेनच्या २०२१च्या अभ्यासात २४ अभ्यासगटांतले १८,३४० लोक होते, आणि सगळ्या चाचण्यांची दुरुस्ती केल्यावर जनुकसंचातली एकच जागा भक्कम उभी राहिली : लॅक्टेज (दुधातली साखर पचवणारं विकर) जनुकाची, बायफिडोबॅक्टेरियम या जिवाणूसाठी. बाकी जिवाणूंना पुरेसे बदल मिळत नाहीत, म्हणून बहुतेक जण बदल निवडायची पीची अट दोन कोटींत एकवरून लाखात एकवर आणतात. तुम्हीही तेच केलं असणार. आता बघा : जनुकसंचात स्वतंत्र तपासण्या ढोबळमानाने दहा लाख. लाखात एक म्हटलं की प्रत्येक जिवाणूमागे दहाएक बदल निव्वळ नशिबाने मिळतात. तुमच्या यादीत एकेका गटामागे किती बदल आहेत ते मोजा. आकडा दहाच्या आसपास असेल तर धोका ओळखा.

एफचा आधारही घेऊ नका. ही अट ओलांडणाऱ्या बदलाचा झेड (परिणाम भागिले त्यातली संभाव्य चूक) किमान ४.४ असतो आणि त्याचा वर्ग १९.५च्या आसपास. म्हणजे १०च्या वरचा एफ निवडीतच ठरलेला आहे, त्याने काहीच सिद्ध होत नाही. एगरच्या इंटरसेप्टचंही (जनुकीय बदल जिवाणू सोडून दुसऱ्या वाटेने रोगावर परिणाम करतात का, हे पाहणाऱ्या चाचणीचं) तसंच. दहा बदलांवर त्या चाचणीत दमच नसतो. 'फरक आढळला नाही' म्हणजे गडबड नाही, असं होत नाही.

मग करायचं काय? दोन कोटींत एक या अटीत बसणारे बदल जिथे आहेत, तेवढेच गट ठेवा. आर-स्क्वेअर (दोन बदल किती जोडीने फिरतात याचं माप) ०.००१ आणि १०,००० किलोबेस (डीएनएवरचं एक कोटी अक्षरांचं अंतर) धरून जोडीने फिरणारे बदल गाळा. डीएनएच्या अक्षरांपैकी ए-टी किंवा जी-सी जोडीचे आणि निम्म्याच्या आसपास वारंवारता असलेले बदल काढून टाका. त्यांची दिशा उलटली तरी कळत नाही. मधुमेहाकडून जिवाणूकडे उलटी चाचणी करा. मग तोच निकाल २०२२च्या डच किंवा फिनिश माहितीत टिकतो का पाहा. मायबायोजेनमधले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत, म्हणून मधुमेहाची माहितीही युरोपीयच घ्या, आणि निष्कर्षात 'भारतीयांमध्ये' हा शब्द येऊ देऊ नका. इतकं करून काहीच उरलं नाही, तरी तो प्रकल्प प्रामाणिक ठरतो. तसंच लिहा.

प्रश्न : दूध प्यायलं की पोट गुबारतं. चाचणीत 'लॅक्टेज टिकून नाही' असं आलं आणि बायफिडोबॅक्टेरियम जास्त निघाले. हे जिवाणू चांगले म्हणतात, मग त्रास का? – जुळे सोलापूर

उत्तर : दुधातली साखर लहान आतड्यात पचली नाही की मोठ्या आतड्यात उतरते. तिथे ती बायफिडोबॅक्टेरियमचं खाद्य होते, म्हणून ते वाढतात. पोट गुबारतं ते इतर जिवाणू त्याच साखरेपासून वायू करतात म्हणून. २०० मिलि दुधात ९-१० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे हीच साखर, असतं. तेवढं एका वेळी, जेवणासोबत, अनेकांना सोसतं. दही-ताक बहुधा चालतं. खात्री हवी तर डॉक्टरांना विचारून श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी करा.

(वरच्या विद्यार्थ्यासाठी : म्हणूनच लॅक्टेजचा बदल जपून वापरा. तो रोगापर्यंत जिवाणूमार्फत पोचला की दूध कमी प्यायल्यामुळे, हे वेगळं करता येत नाही.)

प्रश्न : मेमध्ये मंद्रूप, अक्कलकोटकडून शौचाचे नमुने लॅबपर्यंत आणायला चार-पाच तास लागतात. थर्मासमधला बर्फ पुरेल का? – संशोधन साहाय्यक

उत्तर : चाळीस अंशांच्या वर त्यावर भरवसा नको. बर्फ वितळला की हवेत तगणारे जिवाणू भराभर वाढतात आणि नमुन्यात तेच जास्त दिसतात. डीएनए टिकवणारं द्रावण घातलेल्या नळ्या द्या, नाहीतर ९५ टक्के इथेनॉल. ७० टक्क्यांचं चालत नाही, त्यात डीएनए टिकत नाही. वाटाण्याएवढा नमुना पुरे, पण तो द्रावणात नीट मिसळायला हवा. सगळ्यांना एकच पद्धत लावा : रुग्णांना द्रावण आणि निरोग्यांना बर्फ असं झालं, तर फरक नळीचाच दिसेल. मागच्या तीन महिन्यांतली अँटिबायोटिक, मेटफॉर्मिन आणि शौचाचा घट्टपणा लिहून घ्या. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळा, तो अधूनमधून आतून गरम होतो. डीएनए काढताना मण्यांनी घुसळण्याची पायरी वगळू नका. बायफिडोबॅक्टेरियमची भिंत जाड असते, ती फुटली नाही तर नमुन्यात भरपूर असूनही ते कमी दिसतात. आणि प्रत्येक खेपेत एक रिकामी नळीही शेवटपर्यंत चालवा. तिच्यात जे जिवाणू सापडतील ते बहुधा रुग्णाचे नाहीत, रसायनांतले आहेत.