बंद घराची चूल आणि पाहणीतला आकडा

राष्ट्रीय पाहण्यांचे आकडे कोकणाला लावायचे कसे, याबद्दल आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

आमच्या वाडीत चाळीसपैकी सतरा घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. गणपतीत आणि शिमग्याला तेवढी उघडतात. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि मुंबईहून येणारे पैसे. प्रबंधासाठी घरगुती उपभोग खर्चाची पाहणी वापरायची आहे. ही घरं तिच्यात कुठे येतात?
– एम.ए.ची विद्यार्थिनी, चिपळूण तालुका

कुलूपबंद घरं तिच्यात येतच नाहीत, आणि तुमच्या प्रबंधाची सुरुवात इथूनच व्हायला हवी. ती ज्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा भाग आहे, ती घर मोजत नाही, कुटुंब मोजते. कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसं. सहा महिने किंवा जास्त काळ बाहेर राहणारा माणूस गावच्या कुटुंबात धरत नाहीत. सातबाऱ्यावर त्याचं नाव असो, देवळात मान असो, तो डोंबिवलीत राहत असेल तर त्याची गणती डोंबिवलीत आणि त्याचा खर्चही तिकडेच. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२ निघाल्या. त्या आकड्यांमागे हीच कुलपं आहेत.

आता उघड्या घरांकडे. मुंबईहून आलेले पैसे या पाहणीत पैसे म्हणून दिसत नाहीत, खर्च झाले की दिसतात. आईने औषध आणलं, गॅस भरला, की नोंद झाली. ते पैसे पोस्टात ठेवले तर काहीच नोंद नाही. घरचा तांदूळ, परड्यातले नारळ हे विकत घेतलेले नसले तरी खर्चात धरतात, पण दुकानाच्या भावाने नव्हे, शेतावर माल देताना मिळतो त्या भावाने. यामुळे घरचं खाणाऱ्या कुटुंबाचा खर्च तेवढंच विकत घेणाऱ्या कुटुंबापेक्षा कमी दिसतो, ताटात मात्र फरक नसतो.

सगळ्यात मोठा घोटाळा घरबांधणीचा. मुलाने आईवडिलांसाठी स्लॅबचं घर बांधलं तर तो खर्च उपभोगात मोडत नाही. मोडते ती फक्त दुरुस्ती. उलट राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, म्हणजे एनएफएचएस, घरखर्च विचारतच नाही. घराच्या भिंती, छप्पर, जमीन, संडास, टीव्ही, फ्रिज, दुचाकी यांवरून ती संपत्तीचा निर्देशांक काढते आणि देशभरच्या लोकसंख्येचे पाच समान भाग पाडते. तेव्हा मोठ्या घरात एकटी राहणारी आणि पेजेवर दिवस काढणारी म्हातारी एका पाहणीत सुस्थितीतली, तर दुसरीत गरीब दिसू शकते. दोन्ही पाहण्या आपापल्या जागी बरोबर आहेत. घर बांधणाऱ्याचं उत्पन्न आणि राहणाऱ्याचं पोट यांतलं अंतर त्या दाखवतात, आणि कोकणाच्या अभ्यासकाने नेमकं तेच अंतर मोजायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं.

गणपतीचं काय, हेही तुमच्या मनात असेल. पाहुणे कुटुंबात धरत नाहीत, पण त्यांच्यासाठी रांधलेलं अन्न यजमानाच्या खर्चात जातं. दोन माणसांच्या घरात भाद्रपदात बारा जण आठवडाभर जेवले आणि तोच आठवडा पाहणीच्या 'गेल्या ७ दिवसां'त सापडला, तर दरडोई खर्च फुगतो. म्हणून पाहणीत बाहेरच्यांना किती जेवणं वाढली याचीही नोंद असते. ती वगळून किंवा वापरून दोन्ही तऱ्हांनी हिशेब करून बघा.

बंद घरांची संख्या हवी असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, घ्या आणि वाडी फिरून ताळा करा. स्थलांतर आणि मनीऑर्डरींबद्दल राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४वी फेरी (२००७-०८) अजून उपयोगी आहे. गावाबाहेर गेलेल्या माणसांची आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांची विचारणा तिच्यात स्वतंत्रपणे आहे.

एनएफएचएसच्या जिल्हा पत्रकात एखादं प्रमाण २० टक्क्यांवरून २३ वर गेलं, तर 'वाढ' अशी बातमी करावी का? आणि ठाण्याच्या जुन्या आकड्याशी तुलना केली तर चालेल का?
– साप्ताहिकाचा बातमीदार, पालघर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सरळ आहे: चालणार नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तरी २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीने २०११ च्या जनगणनेतले ६४० जिल्हेच धरले, म्हणजे त्यातल्या 'ठाणे' मध्ये जव्हार, मोखाडा, डहाणू सगळे आले. पाचव्या पाहणीत (२०१९-२१) ७०७ जिल्हे आहेत आणि पालघर वेगळा आहे. जुन्या ठाण्याशी नवं ठाणे ताडून पाहिलं तर आदिवासी तालुके वजा झाल्यामुळेच सुधारणा दिसेल.

पहिल्या प्रश्नासाठी पेन्सिल घ्या. समजा जिल्ह्यात ९०० जणींना विचारलं आणि २० टक्के आले. साध्या सोडतीने निवड झाली असती तर प्रमाणत्रुटी, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, १.३ टक्के असती. पण पाहणी आधी गावं निवडते आणि मग एकेका गावातली सुमारे २२ घरं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ९०० उत्तरांत ९०० वेगवेगळ्या उत्तरांइतकी माहिती नसते. त्यासाठी विचरण, म्हणजे त्रुटीचा वर्ग, दीडपट धरलं तर त्रुटी १.६ वर जाते. दोन्ही बाजूंना तिच्या साधारण दुप्पट जागा सोडायची, म्हणजे आकडा खरं म्हणजे १७ ते २३ यांच्यामध्ये कुठेतरी आहे, असं वाचावं लागतं. दोन्ही फेऱ्यांत अशीच त्रुटी असल्याने फरक निदान साडेचार टक्क्यांहून मोठा हवा. ३ टक्क्यांवर 'वाढ' हा मथळा देऊ नका. 'फारसा बदल दिसत नाही' असं लिहिणं प्रामाणिक आहे.

पत्रकात कंसातला आकडा दिसला तर तो २५ ते ४९ जणांवरून काढलेला आहे. तारांकन म्हणजे २५ पेक्षाही कमी. ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या आहाराच्या ओळींत हे हमखास भेटतं, आणि बातम्या नेमक्या त्याच ओळींवर होतात. पुरुषांचे आकडेही जिल्ह्याला लावू नका. पुरुषांच्या मुलाखती थोड्याच घरांत घेतात, त्या राज्यापुरत्याच पुरतात.

'किनारी महाराष्ट्र' या नावाने येणारे आकडे सिंधुदुर्गासाठी वापरता येतील का? नाही तर कच्च्या माहितीतून सिंधुदुर्ग वेगळा कसा काढायचा?
– महाविद्यालयीन प्राध्यापक, मालवण

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 'किनारी' प्रदेशात सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड यांच्यासोबत ठाणे आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे आहेत. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ ला ८,४९,६५१ होती. मुंबई-ठाण्यापुढे हे पाण्यात मिठाच्या चिमटीइतकं. शहरी आकडा तर जवळजवळ मुंबई-ठाण्याचाच असतो. वापरायचाच तर फक्त ग्रामीण भाग घ्या, आणि त्यातही ठाणे-पालघरचं ग्रामीण जीवन कणकवलीसारखं नाही हे वाक्य लिहा.

कच्ची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. ती उघडली की आधी सिंधुदुर्गात किती कुटुंबं आणि किती गावं आहेत ते मोजा. गावं दहा-बारा असतील तर तिथेच थांबा आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड असा गट करता येतो का ते बघा, किंवा लागोपाठची दोन वर्षं एकत्र करा. उपभोग खर्चाच्या २०२२-२३ आणि २०२३-२४ च्या पाहण्या एकाच पद्धतीने झाल्या आहेत, त्या जोडता येतात. २०११-१२ ची मात्र त्यांच्याशी जोडू नका. नव्या पद्धतीत अन्न, सेवा व इतर वस्तू आणि टिकाऊ वस्तू यांसाठी तीन वेगळ्या महिन्यांत तीन भेटी असतात, पूर्वी एकाच बैठकीत सगळं उरकायचे.

या तीन भेटींचा कोकणात एक खास परिणाम होतो. दर भेटीला कुटुंबातली माणसं पुन्हा मोजतात, आणि जहाजावरचा किंवा मुंबईचा मुलगा एका भेटीत कुटुंबात धरलेला, दुसरीत नसलेला असू शकतो. म्हणून प्रत्येक भागाचा खर्च त्याच भेटीतल्या माणसांनी भागायचा आणि मग तीन दरडोई रकमांची बेरीज करायची. सगळा खर्च आधी एकत्र करून एकाच संख्येने भागला की चूक झाली.

फायली जोडताना केवळ कुटुंब क्रमांकावर जोडू नका, तो दर गावात पुन्हा १ पासून सुरू होतो. गावाचा क्रमांक, दुसऱ्या टप्प्यातला स्तर (गावातली कुटुंबं निवडण्याआधी पाडलेला गट) आणि कुटुंब क्रमांक मिळून ओळख तयार होते. स्तंभ अंक म्हणून वाचले गेले की संकेतांकांच्या सुरुवातीची शून्यं गळतात, ते सगळे मजकूर म्हणून वाचा. मल्टिप्लायरमध्ये, म्हणजे नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं त्या आकड्यात, दशांशचिन्ह छापलेलं नसतं. त्याला कशाने भागायचं ते त्या फेरीच्या सूचनापत्रात असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एनएफएचएसमध्ये असाच आकडा, म्हणजे भारांक, दहा लाखांनी भागावा लागतो. हे झाल्यावर महाराष्ट्राचा एखादा छापील आकडा स्वतः काढून पाहा. तो जुळल्याशिवाय सिंधुदुर्गाला हात लावू नये.

राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय या फेऱ्यांत स्वतःचा वेगळा नमुनाही घेतं. जिल्ह्यासाठी तो मिळाला तर पाया रुंद होतो. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विचारा, आणि तिथे गेलात की 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'ही चाळा.

बंदरावर बायका पहाटेपासून राबतात. तरी मासेमारीतल्या रोजगाराच्या आकड्यात बायका जवळजवळ नसतात. पाहणी चुकते का?
– मच्छीमार महिला गटाची सदस्य, हर्णै

ताई, चूक बरेचदा आकडा काढणाऱ्याची असते. श्रमबलाच्या पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, प्रत्येकाच्या कामाला उद्योगाचा संकेतांक असतो. विभाग ०३ म्हणजे मासे पकडणं आणि मत्स्यशेती. बोंबील वाळवणं, सुकट करणं विभाग १० मध्ये जातं, पाटी घेऊन बाजारात बसणं विभाग ४७ मध्ये. फक्त ०३ गाळून घेतला तर खलाशी आणि तांडेल राहतात, तुम्ही गळता. तिन्ही विभाग किनारी जिल्ह्यांत एकत्र बघायला हवेत.

दुसरी गळती उत्तर देताना होते. घरच्या होडीची मासळी निवडणारी बाई घरच्या धंद्यातली मदतनीस, तिचा संकेतांक २१. पण घरातल्या पुरुषाने 'ती घरीच असते' म्हटलं की ९२ पडतो, म्हणजे फक्त घरकाम, आणि मग ती कामगारांत मोजलीच जात नाही. पाहणीवाला आला तर उत्तर तुम्ही स्वतः द्या आणि नुसतं 'काम करते' म्हणू नका, काय करते आणि वर्षातून किती दिवस ते सांगा. मुख्य काम दुसरं असलं तरी वर्षात ३० दिवस किंवा जास्त केलेलं काम दुय्यम म्हणून नोंदता येतं.

महिनाही पाहावा. आठवड्यापुरती कामाची स्थिती ठरवताना मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम हवं. १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक होड्यांच्या मासेमारी बंदीच्या काळात होडी वर ओढलेली असते, तेव्हा बरेच जण त्यातून निसटतात. जानेवारी २०२५ पासून ही पाहणी देशभराचे आकडे दर महिन्याला देते, त्यामुळे जून-जुलैची घट आता वेगळी दिसू शकेल. तिला मंदी समजून आधीच्या महिन्याशी ताडू नका, मागच्या वर्षीच्या जूनशी ताडा.

माशांच्या खपाचंही तसंच. मासे, भाजी, फळं यांचा खप ७ दिवसांचा विचारतात. श्रावणात विचारलं तर मासेखाऊ घरातही शून्य येतं. वर्षभराच्या सरासरीत ते भरून निघतं, एका तिमाहीत नाही.

गावाची स्वतःची पाहणी करायची आहे. वस्तीची घरं २४०, मनुष्यबळ तिघांचं. किती घरं घ्यावीत?
– ग्रामपंचायत सदस्य, राजापूर तालुका

किती, यापेक्षा कुठली हे महत्त्वाचं. कोकणातलं गाव वाड्यांत विखुरलेलं असतं आणि वाडी बहुधा समाजावर असते. रस्त्याकडेच्या दोन वाड्या केल्या तर अर्धं गाव सुटतं. आधी सगळ्या वाड्यांची घरं वाडीच्या क्रमाने एका वहीत उतरवा, बंद घरं वेगळ्या रकान्यात. समजा, एका वाडीत आठच घरं आहेत आणि तिच्याबद्दल बोलायचं आहे, तर ती आठही घ्या. उरलेल्या २३२ पैकी दर आठवं घर घ्या. सुरुवात १ ते ८ मधली चिठ्ठी काढून करा. २९ घरं येतील, एकूण ३७.

सरासरी काढताना त्या आठ घरांना प्रत्येकी १ वजन द्या आणि बाकीच्यांना ८. ३७ घरांची सरळ सरासरी काढली तर गावात ३ टक्के असलेली वाडी आकड्यात २२ टक्के होऊन बसते.

प्रश्न राष्ट्रीय पाहणीच्या प्रश्नावलीतून शब्दशः उचला, नाही तर तुलना होणार नाही. आधी पाच घरांत करून बघा. गणपती, शिमगा आणि मे महिना टाळा. निवडलेलं घर बंद मिळालं तर शेजारचं घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा आणि तरीही नाही मिळालं तर 'नाही मिळालं' असं लिहा. दिवसभर घरी सापडतात ती माणसं शेतावर, बागेत किंवा होडीवर गेलेल्यांसारखी नसतात.