पहिल्यांदाच 'धग' वाचतोयस ना, मग हे वाच

अरे घाई नको करूस. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी 1960 ची, संवाद वऱ्हाडीत, त्यामुळे तू पुण्यामुंबईकडचा असशील तर पहिली वीसेक पानं अडखळशील. सरळ मोठ्याने वाच. 'काऊन' म्हणजे 'का', असले शब्द डोळ्यांपेक्षा कानाला पटकन कळतात, आणि एकदा लय सापडली की कादंबरीची नायिका कौतिक तुझ्याशी बोलायला लागते बघ.

आता महत्त्वाचं. कौतिक बिचारी आणि तिचा नवरा महादेव नालायक, असा निकाल लावून मोकळा होऊ नकोस, मी पहिल्या वाचनात तेच केलं आणि निम्मं पुस्तक हातातून निसटलं. दुसऱ्यांदा मी फक्त एवढंच बघितलं की घरात पैसा कोण आणतं, खर्च कोण ठरवतं, आणि शेजारपाजार, नातेवाईक कधी धावून येतात, कधी तोंड फिरवतात. समासात पेन्सिलीने बारीक खुणा करत गेलो. मग दिसलं की माणसाची ओळख नुसती जातीगावावरून नाही ठरत, चुलीपाशी रोज कोण किती सोसतं त्यावरूनही ठरते.

रिव्ह्यू वगैरे नंतर वाच, आधी स्वतःचं एक पान लिही, मोडकंतोडकं चालेल. आणि आईला नाहीतर आजीला एखादा प्रसंग वाचून दाखव. मी दाखवला तेव्हा आजी भाजी निवडता निवडता थांबली, आणि तिच्या सासरच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलायला लागली, जे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.