कासची कुमुदिनी आणि चंद्राची कुमुदिनी

प्रश्न असा आहे: साताऱ्याजवळच्या कास पठारावर कुमुदिनी तळ्यात भर दिवसा पांढरी फुलं उमललेली दिसतात आणि सगळे त्यांना कुमुदिनी म्हणतात. पण कवितेतली कुमुदिनी चंद्रोदयाला फुलते. मग नाव चुकलं की वनस्पती?

चूक कुणाचीच नाही. एकाच नावाच्या या दोन वेगळ्या वनस्पती आहेत.

संस्कृतात कुमुद म्हणजे रात्री उमलणारं पांढरं कमळ. अमरकोशात त्याच्याच जोडीला कैरव हा शब्द येतो. चंद्राला कुमुदनाथ म्हणतात तेही याच फुलामुळे. कमलिनी, पद्मिनी, नलिनी तशीच कुमुदिनी: कुमुदांची वेल, किंवा कुमुदांनी भरलेलं तळं. त्या अर्थी ‘कुमुदिनी तळं’ यात तळं दोनदा आलंय, पण कानाला ते गोड लागतं, राहू द्यावं.

कासची कुमुदिनी म्हणजे निम्फॉइडिस इंडिका. यातल्या ‘निम्फॉइडिस’चाच अर्थ ‘निम्फियासारखी’, आणि निम्फिया म्हणजे आपली कुमुदं, नीलकमळं. म्हणजे शास्त्रीय नावातही तेच साम्य टिपलेलं आहे. नातं मात्र दूरचं: वर्गीकरणात ही कुमुदापेक्षा सूर्यफुलाला जवळची.

ओळखायची कशी? आधी पाकळ्या मोजा. हिच्या बहुधा पाच, कधी सहा-सात, आणि खाली एकमेकींना जोडलेल्या. कुमुदाला त्या पुष्कळ आणि सुट्या असतात. मग पाकळीचा पृष्ठभाग जवळून बघा: पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू पाकळीभर उभे असतात, मध्यभाग पिवळा. असे तंतू कुमुदाला नाहीतच. फूल जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं, एक दिवसाचं. म्हणून सकाळीच बघावं, नंतर मिटलेल्या कळ्या-फुलांवरून काही ठरत नाही.

सगळ्यात पक्की खूण देठाची. कुमुदाचं एकेक फूल स्वतंत्र लांब देठावर थेट तळाच्या कंदातून वर येतं. कासच्या कुमुदिनीची फुलं झुबक्यानं, तरंगत्या पानाच्या लगत खालून निघतात, जणू पानाच्या देठालाच फुटली आहेत. फोटोत लोक नेमकं हेच कापतात. नुसत्या फुलाचा जवळचा फोटो आला की आकाराचा अंदाज जातो आणि उत्तर ‘पांढरं कमळ’ असं येतं. पान आणि देठाजवळची त्याची खाच चौकटीत येऊ द्या, झूम वापरा; पाण्यात उतरू नका, चिखलातली मुळं तुटतात.

पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं, खाच नसलेलं आणि त्यावर थेंब घरंगळत असतील, तर ते तिसरंच: खरं कमळ.

बोलताना साताऱ्यात बिनधास्त कुमुदिनी म्हणावं, हा शब्द इथे रुजलाय. नोंद करताना मात्र ‘कासची कुमुदिनी, निम्फॉइडिस इंडिका’ असं पूर्ण लिहावं. आणि जुन्या कवितेचा अर्थ सांगताना या झालरीच्या फुलाचा फोटो लावू नये. तिथे रात्री उमलणारं कुमुदच हवं.